आधी ओरिजिनल परत आणा, मग जर्मन शिकायला लागा

पत्र असं आहे:

“ताई, मी कळव्याला राहते. वय ३४. जीएनएम झालंय, महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे आणि घोडबंदर रोडवरच्या एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूला स्टाफ नर्स आहे. मिस्टर रबाळे एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम करतात, त्यांचा आयटीआय झालाय. मुलगा सात वर्षांचा. वाशीतल्या एका एजंटने इंग्लंडमधल्या वृद्धाश्रमात केअर असिस्टंटची नोकरी लावून देतो असं सांगितलं. सगळे मिळून नऊ लाख. टोकन म्हणून पन्नास हजार दिलेत, माझी ओरिजिनल सर्टिफिकेटंही त्याच्याकडेच आहेत. आता तो म्हणतो की सीओएसला वेळ लागतोय, तोवर व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर वर्क व्हिसात कन्व्हर्ट करू. सासूबाई दागिने मोडायला तयार आहेत. मिस्टर म्हणतात जर्मनीत नर्सना मागणी आहे, तिकडे बघू. पासपोर्ट अजून काढायचाय. कागदपत्रं माहेरच्या नावाने आहेत, आधार सासरच्या, आणि लग्नात माझं नावही बदललं. मुलाला सोडून जावं लागेल का? काय करू ते सांगा.”

प्रिय सिस्टर,

बाकी सगळं नंतर. आधी तुमची ओरिजिनल सर्टिफिकेटं परत आणा, याच आठवड्यात. एकट्या जाऊ नका, मिस्टरांना किंवा भावाला सोबत घ्या. जाण्याआधी एजंटला व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर लिहा की अमुक तारखेला दिलेली अमुक सर्टिफिकेटं परत हवी आहेत. मागणी लेखी असली की पुढे कामाला येते. पन्नास हजार यूपीआयने दिले असतील तर त्या व्यवहाराचे स्क्रीनशॉट आणि बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा. रोख दिले असतील तर पावती मागा. तो टाळाटाळ करायला लागला तर त्याच्या ऑफिसच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि अर्जाची पोच घ्या. व्हिसाच्या कामाला दुसऱ्याची ओरिजिनल महिनोन्‌महिने स्वतःकडे ठेवावी लागत नाहीत. तो ती ठेवतोय ते तुम्ही दुसरीकडे जाऊ नये म्हणून. पैसे कदाचित बुडतील. सर्टिफिकेटं मात्र बुडू देऊ नका, कारण तुमचं परदेशात जाणं त्या कागदांवरच उभं राहणार आहे.

आता त्याच्या प्रस्तावाकडे येऊ. इंग्लंडने २२ जुलै २०२५ पासून केअर वर्करच्या कामासाठी परदेशातून नवीन माणसं घेणं बंद केलं आहे. त्यामुळे भारतात बसून केअर असिस्टंटच्या नोकरीसाठी नवा वर्क व्हिसा आता मिळतच नाही. त्याआधी, ११ मार्च २०२४ पासूनच, केअर वर्करला नवरा-बायको आणि मुलांना सोबत नेण्याची मनाई झाली होती. म्हणजे हा रस्ता उघडा असता तरी तुमच्या मुलासाठी तो बंदच होता, आणि एजंटने हे तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. सीओएस, म्हणजे तिथला मालक तुमच्या नावाने सरकारी प्रणालीतून देतो तो स्पॉन्सरशिपचा क्रमांक, त्याला ‘वेळ लागतोय’ हे कारण म्हणूनच खरं नाही.

व्हिजिट व्हिसा तिथे जाऊन वर्क व्हिसात बदलता येत नाही. इंग्लंडचा नियम तसा स्पष्ट आहे. पाहुणी म्हणून गेलात आणि काम केलंत तर ते बेकायदा ठरेल. पकडल्या गेलात तर परत पाठवतील आणि पुढची अनेक वर्षं कुठल्याही व्हिसाच्या अर्जात ते लिहावं लागेल. जर्मनीचंही असंच आहे. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत एकत्र चालणारा, छोटा व्हिसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहण्यापुरता असतो, आणि भारतीय माणसाला कामासाठीचा राष्ट्रीय व्हिसा इथूनच काढून जावं लागतं. ‘आधी पोचा, मग बघू’ असं जो कुणी सांगेल, त्याच्याशी व्यवहार तिथेच थांबवा.

मला जास्त वाईट कशाचं वाटलं ते सांगते. आयसीयू सांभाळणाऱ्या रजिस्टर्ड नर्सला हा माणूस असिस्टंट म्हणून पाठवायला निघाला होता, आणि त्यासाठी तिच्याकडूनच नऊ लाख घेणार होता. इंग्लंडमध्ये जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात केअर क्षेत्रातल्या ४७० हून अधिक मालकांचे स्पॉन्सर परवाने सरकारने काढून घेतले. परवाना गेला की तिथल्या कामगाराला दुसरा स्पॉन्सर शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. कर्ज काढून गेलेल्या किती बायका त्या ६० दिवसांत अडकल्या असतील, विचार करा. सासूबाईंना सांगा, दागिने घरातच राहू द्या.

भारताचा कायदाही या बाबतीत तुमच्या बाजूने आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो, आणि उमेदवाराकडून तो ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर परवानाधारक एजंटांची यादी आहे, आणि बिनपरवाना एजंटांचीही. या माणसाचं नाव तिथे शोधा. असे अनेक जण ‘आम्ही एजंट नाही, फक्त व्हिसा कन्सल्टन्सी देतो’ असं सांगून सुटायला बघतात. पण नोकरी लावतो म्हणून पैसे घेतले की ती भरतीच झाली. मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं कार्यालय आहे, तक्रार तिथेही करता येते.

तुम्ही नर्स म्हणूनच जायला हवं, असिस्टंट म्हणून नाही. त्याचे रस्ते कुठले, ते आता बघू.

इंग्लंड नर्ससाठी बंद नाही. रजिस्टर्ड नर्सला हेल्थ अँड केअर व्हिसा मिळतो, नवरा आणि मुलं सोबत जाऊ शकतात, नवऱ्याला काम करता येतं, आणि इतर व्हिसाधारकांना वर्षाला १,०३५ पाउंड भरावा लागणारा आरोग्य अधिभार या व्हिसाला नाही. त्यासाठी तिथल्या नर्सिंग काउन्सिलचं, म्हणजे एनएमसीचं रजिस्ट्रेशन लागतं. जीएनएमवर ते होतं. इंग्रजीसाठी ओईटी किंवा आयईएलटीएस द्यावी लागते. आयईएलटीएसमध्ये एकूण ७ लागतात, लेखनात ६.५ चालतात. ओईटीमध्ये बी ग्रेड, लेखनात सी प्लस चालतो. इथल्या नर्सना ओईटी जवळची वाटते, कारण तिचे प्रसंग वॉर्डातले असतात, हॅन्डओव्हरचे, डिस्चार्जच्या पत्राचे. मग सीबीटी ही संगणकावरची परीक्षा इथे, आणि ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा तिकडे जाऊन. ऑस्कीची फी ७९४ पाउंड आहे, ती बऱ्याचदा हॉस्पिटल भरतं.

मग मी तुम्हाला डोळे मिटून इंग्लंड का सांगत नाही? कारण परदेशातून नर्स घेणं तिथे गेल्या एक-दोन वर्षांत झपाट्याने कमी झालं आहे. परीक्षा पास झालेल्या मुली ऑफरची वाट बघत बसल्या आहेत. शिवाय कायमच्या वास्तव्यासाठीची ५ वर्षांची अट १० वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत आला. तुमचं इंग्रजी चांगलं असेल तर ओईटीचा विचार जरूर ठेवा. पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

आखातात नर्सना काम मिळतं आणि पैसा लवकर दिसतो. पण तिथे कायमचं राहण्याची वाट नाही, मुलाच्या शाळेची फी डोईजड होते, आणि नोकरी गेली की देश सोडावा लागतो. दोन-चार वर्षांत घराचं कर्ज फेडून परत यायचं असेल तर तो पर्याय चांगला आहे. तुमच्या पत्रात तसं काही दिसलं नाही. तरी जायचं ठरलंच तर एक लक्षात ठेवा. १८ ठराविक देशांत, ज्यात आखाती देश येतात, नर्सला पासपोर्ट ईसीएनआर (एरवी उत्प्रवास तपासणी न लागणारा) असला तरी उत्प्रवास परवानगी लागते, आणि भरती सरकारने मान्य केलेल्या संस्थांमार्फतच होते.

तुमचे मिस्टर म्हणतात ते जर्मनीचं मला पटतं. मनुष्यबळ तिथे खरंच कमी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची संख्या वर्षाला २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याची घोषणा केली. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबद्दल करार केला. पण या करारामुळे कुणाला आपोआप व्हिसा मिळत नाही. ‘सरकारी योजनेतून पाठवतो’ म्हणत कुणी पैसे मागायला लागला, तर आपल्याला फसवलं जातंय असंच समजा.

जर्मनीत नर्सचा पेशा नियमांनी बांधलेला आहे. तुमचं जीएनएम तिथल्या शिक्षणाच्या बरोबरीचं आहे का, हे ज्या राज्यात काम करायचं त्या राज्याचं कार्यालय तपासतं. बहुतेक भारतीय नर्सना पूर्ण मान्यता लगेच मिळत नाही. काय कमी पडतं त्याचं पत्र येतं, आपल्या मुली त्याला डेफिझिट नोटीस म्हणतात. मग मान्यतेसाठीच्या व्हिसावर तिथे जायचं, सहाय्यक म्हणून काम करायचं, आणि एक तर हॉस्पिटलातला अनुकूलन कोर्स पूर्ण करायचा किंवा ज्ञानपरीक्षा द्यायची. ती झाली आणि भाषेची बी२ पातळी असली (ए१, ए२, बी१, बी२ अशा त्या चढत्या पायऱ्या आहेत) की पूर्ण नर्सचं रजिस्ट्रेशन आणि पूर्ण पगार. तुम्ही विचाराल, मग तिथेही सहाय्यकच ना? हो, पण काही महिन्यांपुरतं, आणि पुढे नर्स होण्यासाठी. वाशीवाला तुम्हाला जे देत होता त्यात पुढे काही नव्हतं.

खर्चाच्या बाबतीत जर्मनी साफ आहे. आरोग्यसेवेतल्या भरतीसाठी तिथे ‘मालक पैसे भरतो’ हे तत्त्व आहे, आणि ते पाळणाऱ्या भरती संस्थांना सरकारी गुणवत्ता शिक्का मिळतो. व्हिसाची फी ७५ युरो. मालकाने ठरवलं तर तो तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून जलद प्रक्रिया सुरू करू शकतो, मग व्हिसाची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांत मिळते. मुलाखतीत हे जरूर विचारा. मालकाचा तुमच्यात किती जीव आहे ते त्याच्या उत्तरावरून कळेल.

तुमचे पैसे आणि कष्ट खरे जायला हवेत ते भाषेवर. बी२ पर्यंत पोचायला ६०० ते ८०० तासिका लागतात असं गोएथे इन्स्टिट्यूट सांगतं. आयसीयूच्या नाइट करून, घर आणि मूल सांभाळून, हे वर्षात होणं अवघड आहे. दीड वर्ष धरा. त्यांच्याच काळा घोड्याच्या शाखेचे, मॅक्सम्युलर भवनाचे वर्ग आहेत, ऑनलाइनही आहेत. कळव्याहून रोज सीएसएमटीपर्यंत लोकलने जाणं तुमच्या ड्युट्यांत बसणार नाही, तेव्हा वर्ग ऑनलाइन करा आणि परीक्षा मात्र तिथे जाऊन द्या. बी२ ची परीक्षा वाचन, ऐकणं, लेखन आणि बोलणं अशा चार सुट्या भागांत देता येते, प्रत्येकात ६० गुण लागतात. एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. आणि नोकरी सोडू नका. आयसीयूचा चालू अनुभव ही तुमची मोठी जमेची बाजू आहे, त्यात खंड पडू देऊ नका.

मिस्टरांनीही तुमच्यासोबत आजपासूनच ए१ ला बसावं. हे मी त्यांना आग्रहाने सांगते आहे. तुमच्या मागून येणाऱ्या जोडीदाराला साधारणपणे ए१ ची परीक्षा द्यावी लागते, आणि ती नसल्याने कुटुंबं महिनोन्‌महिने दोन देशांत राहतात. ते तिथे आले की त्यांना काम करायची मोकळीक असते. सीएनसीचं काम तिथे नर्सिंगसारखं बांधलेलं नाही, मान्यतेशिवायही मिळू शकतं. तरी न्युरेंबर्गच्या आयएचके फोसा या परदेशी प्रमाणपत्रं तपासणाऱ्या संस्थेकडून आयटीआयची मान्यता घेतली तर पगारात फरक पडेल. आयटीआयचं एनसीव्हीटी प्रमाणपत्र आणि रबाळ्याच्या कंपनीचं अनुभवपत्र आतापासून तयार ठेवा.

आता नावाचं बघू. परदेशी जाणाऱ्या आपल्याकडच्या बायकांचं घोडं इथेच सगळ्यात जास्त अडतं. तुमचं दहावीचं, जीएनएमचं आणि काउन्सिलचं नाव माहेरचं, मधलं नाव वडिलांचं. आधारवर सासरचं आडनाव, मधलं नाव नवऱ्याचं, आणि पहिलं नावही वेगळं. जर्मन अधिकाऱ्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका आहेत. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात हे त्याला ठाऊक नसतं आणि ठाऊक असायची गरजही नाही. ते जोडून दाखवणं आपलं काम. लग्नाची नोंदणी झालेली नसेल तर ठाणे महापालिकेच्या कळवा प्रभाग समितीत आधी ती करा. उशिरा झाली तरी होते. मग महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करा, त्यात जुनं पूर्ण नाव आणि नवं पूर्ण नाव दोन्ही अक्षरशः यायला हवीत. लग्नाच्या दाखल्यावर पहिलं नाव बदलल्याची नोंद बहुधा नसते, म्हणून तुमच्यासाठी गॅझेट गरजेचं आहे. ते हातात आलं की नर्सिंग काउन्सिलच्या रजिस्टरमध्ये नाव बदलून घ्या. परदेशी काउन्सिल पडताळणी मागते ती थेट महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलकडे, आणि तिथलं नाव पासपोर्टशी जुळलं नाही तर फाइल तिथेच पडून राहते.

पासपोर्ट अजून काढलेला नाही हे चांगलंच झालं. गॅझेटनंतर वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज करा, आणि त्यावर जे नाव छापून येईल तेच नाव, त्याच स्पेलिंगने, भाषेच्या परीक्षेच्या फॉर्मवर, अनुभवपत्रावर, सगळीकडे घाला. आपल्या पासपोर्टात पहिलं नाव आणि नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात येतं, त्यामुळे युरोपात तुमच्या नवऱ्याचं नाव तुमचंच दुसरं नाव समजलं जाईल. त्याने बिघडत नाही. एका कागदावर ते नाव आहे आणि दुसऱ्यावर नाही, असं झालं की मात्र बिघडतं. मुलाच्या जन्मदाखल्यावर त्याचं नाव चढवलंय ना, तेही बघा. पुष्कळ दाखल्यांवर ती जागा अजून कोरीच असते. आणि आईचं नाव त्यावर गॅझेटमधल्या दोनपैकी एका नावाशी तंतोतंत जुळायला हवं.

ॲपोस्टिलबद्दलही सांगून ठेवते, म्हणजे आपला कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून सरकार त्यावर मारतं त्या शिक्क्याबद्दल, कारण त्या नावाखाली खूप पैसे उकळले जातात. भारत २००५ मध्ये ॲपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला, तेव्हा जर्मनीने हरकत घेतली. म्हणून भारतीय कागदांवरचा तो शिक्का जर्मन कार्यालयांना बंधनकारक नाही. ज्या राज्यात तुमचा अर्ज जाणार आहे त्यांची कागदांची यादी हातात आल्याशिवाय कुठल्याही शिक्क्यावर किंवा भाषांतरावर खर्च करू नका.

राहिला मुलाचा प्रश्न. पत्रात तो तुम्ही शेवटी लिहिलात, पण तुमच्या मनात तो पहिला असणार. जर्मनीला गेलात तर काही काळ तुम्हाला त्याच्यापासून दूर राहावं लागेल. मान्यतेच्या काळात कुटुंब आणायला कायद्याने पूर्ण बंदी नाही, पण सगळ्यांचा खर्च आणि पुरेशी मोठी जागा दाखवावी लागते, आणि सहाय्यकाच्या पगारात ते सहसा जमत नाही. म्हणजे वर्षभर, कदाचित थोडं जास्त. म्हणून अनुकूलन कोर्स लांबत जात असेल तर ज्ञानपरीक्षेचा पर्याय घ्या, आणि बी२ इथूनच पूर्ण करून जा. काही हॉस्पिटलं बी१ वर बोलावतात, मोह होईल. पण भाषा तिकडे जाऊन ड्युटीसोबत पूर्ण करायची म्हटलं की मान्यता लांबते, आणि मुलगा येण्याची तारीखही.

त्याला हे आत्ताच सांगा, त्याच्या वयाला समजेल असं. तुम्ही भाषेचा अभ्यास कराल त्या दीड वर्षात तो तुमच्यासोबतच आहे. त्यालाही शेजारी बसवून चार शब्द शिकू द्या. जर्मनीत सरकारी शाळेला फी नसते, आणि सोळा वर्षांखालच्या मुलाला भाषेची अटही नाही. त्याच्या लसीकरणाचं कार्ड सांभाळून ठेवा. गोवराची लस घेतल्याचा पुरावा तिथे शाळेत मागतात, आणि हॉस्पिटलात तुमच्याकडेही मागतील. एमआरचे (गोवर-रुबेलाचे) दोन्ही डोस कार्डावर नोंदलेले आहेत का ते एकदा बघून घ्या. तुम्ही नसाल तेव्हा सासूबाईंवर सगळा भार पडणार आहे, तेव्हा त्यांना निर्णयात आधीपासून घ्या. दागिने मोडायला निघालेली बाई तुमच्या पाठीशी आहे, तिला खरी माहिती द्या.

आणि हे सगळं ऐकून तुम्हाला वाटलं की मुलगा दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत थांबू, तर तेही ठीक आहे. ३४ हे नर्ससाठी उशिराचं वय नाही. जर्मनीत बाहेरून येणाऱ्या कुशल कामगाराला वयामुळे पगाराची जादा अट लागते ती ४५ नंतर.

जर्मन हॉस्पिटलचा करार हातात येईल तेव्हा दोन गोष्टी आवर्जून वाचा. वृद्धसेवेच्या क्षेत्रात पात्र नर्सचा किमान दर १ जुलै २०२५ ला तासाला २०.५० युरो झाला. मान्यतेनंतरचा पगार त्यापेक्षा कमी लिहिला असेल तर सही करू नका. आणि भाषेचा, प्रवासाचा खर्च मालकाने केला असेल तर किती वर्षांत नोकरी सोडल्यास किती परत करावा लागेल, ते कलम शोधा. रक्कम दर महिन्याला घटत गेली पाहिजे. ती तशी घटत नसेल किंवा कलम समजत नसेल तर सही करण्याआधी मला करार पाठवा, आपण ओळ न्‌ ओळ वाचू. पण आधी वाशीला जाऊन या, आणि सर्टिफिकेटं हातात आली की मला कळवा.